गॅरेजातला फ्रीज

कल्याण सोडले की शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. इथे महागणपतीचे देऊळ आहे. मंगळवारी आणि चतुर्थीला दर्शनाला गर्दी लोटते. स्टेशनापासून देवळापर्यंत रिक्षा सारख्या धावतात. रिक्षा धावल्या की बिघडतात, आणि बिघडल्या की गॅरेजात येतात.

गॅरेज म्हणजे बहुधा वर पत्रा, तीन बाजूंना भिंती आणि समोर रस्ता. उन्हाळ्यात दुपारी आत भट्टी पेटल्यासारखे होते. इंजिन गरम, लोखंड गरम, वाराही गरम. अशा जागी काम करणाऱ्याला गार पाणी हवेच. म्हणून एखाद्या गॅरेजात कोपऱ्यात फ्रीज दिसतो. कुणाच्या तरी घरचा जुना असतो, पण चालतो. फ्रीज तोच असला तरी जागा बदलली, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे. घरी फ्रीजच्या शेजारी डाळ-तांदूळ असतात. गॅरेजात शेजारी पेट्रोल, थिनर आणि ॲसिड असते. तेव्हा हा फ्रीज कुठे ठेवावा, त्यात काय भरावे आणि काय भरू नये, ते पाहू या.

गार पाणी ही चैन आहे, असे कुणी म्हणेल. एके काळी ती खरोखरच चैन होती. १८३० नंतरच्या काळात अमेरिकेतून जहाजे बर्फ भरून मुंबईला येत. तो बर्फ साहेबलोकांच्या आणि श्रीमंतांच्या पेल्यात पडे. पुढे बर्फाचे कारखाने निघाले. १९५८ साली गोदरेज कंपनीने भारतात बनवलेला फ्रीज बाजारात आणला. तरी पुष्कळ वर्षे फ्रीज मोठ्या घरांतच असे. कामगाराच्या तहानेचा विचार मात्र कायद्याने त्याच्या आधीच केला होता. १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिले होते की, कामगारांना पिण्याचे चांगले पाणी द्यावे. जिथे २५० पेक्षा जास्त कामगार असतील, तिथे उन्हाळ्यात ते पाणी गार करून द्यावे. आणखी एक गोष्ट त्यात होती. पाण्याच्या जागेवर ‘पिण्याचे पाणी’ असे लिहावे, आणि तेही बहुतेक कामगारांना समजणाऱ्या भाषेत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. तिचे मोल पुढे कळेल.

आता फ्रीजची जागा. फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. मागे हात लावून पाहा, गरम लागेल. ती उष्णता निघून जायला वाट हवी. म्हणून फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवू नये. मागे वीतभर जागा सोडावी. ऊन येईल तिथे किंवा वेल्डिंगजवळ ठेवू नये.

दुसरे, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही. पाण्यासारखी जमिनीलगत पसरते. फ्रीजचे यंत्र खाली असते, आणि ते सुरू-बंद होताना आत बारीक ठिणगी पडू शकते. वाफ आणि ठिणगी भेटली की भडका. म्हणून जिथे पेट्रोल काढतात किंवा रंग मारतात, तिथून फ्रीज लांब ठेवा. तो लोखंडी घोडीवर उंच ठेवा आणि दारे उघडी राहू द्या. पेट्रोल किंवा थिनर फ्रीजच्या आत तर कधीच ठेवू नका. प्लग तीन पिनांचा हवा आणि अर्थिंग नीट हवे. ओल्या हाताने प्लगला शिवू नये.

आता भरायचे काय? पहिला मान पाण्याचा. समजा, गॅरेजात ५ माणसे आहेत. दिवसाला माणशी ३ लिटर धरले तर १५ लिटर पाणी झाले. रात्री जाताना एक-एक लिटरच्या १५ बाटल्या भरून ठेवल्या, तर सकाळी गार मिळतात. दुपारी बारा वाजता भरलेली बाटली एक वाजता गार होत नाही. मग चिडचिड होते. नवी बाटली मागे ठेवावी आणि जुनी पुढे ओढावी. आधी आली ती आधी जावी. फ्रीज भरलेला असला तर वीज गेल्यावरही गारवा टिकतो, पण त्यासाठी दार उघडझाप करू नये. काचेची बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो आणि बाटली फुटते.

पाण्याच्या जोडीला ताक, कोकम सरबत, लिंबू सरबत ठेवावे. घामातून मीठ जाते, ते सरबतातल्या चिमूटभर मिठाने थोडे भरून निघते. ताक मात्र त्याच दिवशी संपवावे. दुकानातला रंगीत थंडा कधीतरी प्यायला तर प्यावा, पण त्याने पाण्याची जागा घेऊ नये. बाटलीवरचा मजकूर वाचा. कोलाच्या १०० मिलीलिटरमध्ये १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे २५० मिलीलिटरच्या छोट्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम, साधारण पाच चमचे! चहात कुणी पाच चमचे साखर घातली तर आपण हसू. बाटलीवर तारीखही असते. ती उलटून गेली असेल तर बाटली परत करा.

बर्फ आणायचा झाला तर विचारून आणा. सगळा बर्फ खाण्याचा नसतो. खाण्याचा नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ साली झाला. निळसर बर्फ दिसला तर तो पेल्यात टाकू नये.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. गॅरेजात रिकाम्या बाटल्या पुष्कळ साठतात. ॲसिड आणायचे आहे? घे थंड्याची बाटली. उरलेले कूलंट ठेवायचे आहे? घे पाण्याची बाटली. अशी सवय पडते, आणि ही सवय जीव घेते. कूलंट हिरवे किंवा गुलाबी असते, सरबतासारखे दिसते आणि चवीला गोड लागते. पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पातळ ॲसिड पाण्यासारखेच दिसते. तहानलेला माणूस वास घेत बसत नाही. तो झाकण उघडतो आणि तोंडाला लावतो. त्यातून बाटली गार असली तर वासही कमी येतो.

म्हणून तीन नियम पाळा. पहिला, पिण्याच्या बाटलीत पिण्याखेरीज काही भरू नका. रिकामी प्लॅस्टिकची बाटली चुरगळून टाका. काचेची दुकानात परत द्या. दुसरा, फ्रीजमध्ये पिण्या-खाण्याखेरीज काही ठेवू नका, घटकाभरही नाही. तिसरा, प्रत्येक डब्यावर नाव लिहा. ‘ॲसिड’, ‘थिनर’, ‘कूलंट’ आणि खाली लाल रंगात ‘विष. पिऊ नये.’ शिकाऊ पोरगा दुसऱ्या मुलखातला असेल, त्याला मराठी वाचता येत नसेल. म्हणून शेजारी कवटीचे चित्रही काढा. ते सगळ्यांना कळते. फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘फक्त पिण्याचे’.

एवढे करूनही कुणी चुकून काही प्यायलाच, तर त्याला ओकायला लावू नका. ॲसिड वर येताना घसा पुन्हा भाजते. पेट्रोल आणि थिनर फुप्फुसात शिरतात. १०८ नंबरला फोन करा किंवा तडक दवाखान्यात न्या. ती बाटली सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना लगेच कळेल.

फ्रीज नसेल तर? माठ आहेच. त्याच्यातून पाणी झिरपते, उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. माठावर झाकण ठेवा आणि लांब दांडीच्या ओगराळ्याने पाणी काढा. ऑइलचा हात आत बुडवू नका. माठावरही ‘पिण्याचे पाणी’ लिहा.

पाना कसा धरायचा, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. आता अक्षरेही तुमच्या हातात आली आहेत. त्यांचा उपयोग सही करण्यापुरता नाही. उद्या कामावर गेलात की एक खडू किंवा रंगाचा ब्रश घ्या. गॅरेजातला एकेक डबा, एकेक बाटली उचला आणि आत काय आहे ते वर लिहा. जिच्यात काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही, ती बाटली वेगळी काढा आणि कुणाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. या कामाला दोन तास लागतील. पण त्यानंतर गॅरेजातला सगळ्यांत धाकटा पोऱ्याही निर्धास्तपणे फ्रीज उघडील, आणि पाणी म्हणून पाणीच पिईल.