मेंदूच्या दुखापतीनंतर आखडणारे सांधे : उपचार व दक्षता



अपघातात मेंदूस इजा झालेला रुग्ण घरी परततो, तेव्हा प्राण वाचले या समाधानात त्याच्या सांध्यांकडे दुर्लक्ष होते. हळूहळू कोपर दुमडलेले राहते, मूठ उघडत नाही, टाच जमिनीस टेकत नाही. काही कुटुंबे यास प्रारब्ध मानून स्वस्थ बसतात, तर काही तेल लावून सांधा जोराने ओढतात. दोन्ही मार्ग अहितकारक आहेत, म्हणून हा लेखप्रपंच.

हा ताठरपणा दोन प्रकारचा असतो. मेंदूचे नियंत्रण सुटल्याने स्नायू आपोआप आवळले जातात, हा पहिला प्रकार. असा अवयव झटक्याने हलविल्यास अधिक ताठरतो, सावकाश हलविल्यास बराच सैल पडतो. बॅक्लोफेनसारखी औषधे किंवा बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने येथे उपयोगी पडतात. अवयव दीर्घकाळ एकाच स्थितीत राहिल्यास स्नायू प्रत्यक्ष आखूड होतात, हा दुसरा प्रकार. मग कितीही सावकाश हलविले तरी सांधा ठराविक मर्यादेपुढे जात नाही. त्यासाठी टप्प्याटप्प्याने बदलावयाचे प्लास्टर, प्रसंगी शस्त्रक्रियाही लागते. पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात होऊ न देणे, हेच उपचाराचे मर्म होय.

केवळ हातपाय ताणून हे साध्य होत नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत असे आढळले, की मज्जासंस्थेच्या विकारांत नुसत्या ताणण्याने सांध्याच्या हालचालीत लक्षणीय फरक पडत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्ट रुग्णास योग्य स्थितीत निजविणे, आधार देऊन बसविणे व उभे करणे आणि त्याच्याकडून स्वतः हालचाल करवून घेणे यांवर भर देतात. पेला धरणे, किंवा पूजेची फुले एकेक उचलून तबकात ठेवणे, हाही उत्तम व्यायाम आहे. हाताची थोडीशी जरी हालचाल होत असेल, तरी ती रुग्णास करू द्यावी; मायेपोटी सर्व कामे आपणच करू नयेत.

घरच्यांनी पुढील दक्षता अवश्य घ्यावी :

1. दुर्बल हात ओढून किंवा बगलेत धरून रुग्णास उचलू नये. खांदा निखळण्याचा व कायम दुखण्याचा संभव असतो.

2. कंबरेचा सांधा, गुडघा किंवा कोपर गरम लागून सुजल्यास व हालचाल अचानक घटल्यास बळजबरी करू नये. सांध्याभोवती नवे हाड तयार होत असण्याची शक्यता असते.

3. पोटरी सुजून दुखत असल्यास ती चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तत्काळ डॉक्टरांस दाखवावे.

4. रुग्ण बोलू शकत नसल्यास व्यायामाच्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवावे. वेदना तेथेच प्रथम दिसते.

उपचार रुग्णालयातच सुरू व्हावेत व घरी खंड पडू नये. सुधारणा मंदगतीने होते, परंतु विलंब झाला म्हणून प्रयत्न सोडू नयेत. सेवा करणाऱ्यांस धैर्य व रुग्णांस आरोग्य लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.