कर्जतला गाडी का थांबते?

मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबली की सगळे वडे घ्यायला खिडकीशी गर्दी करतात. वडे जरूर घ्या, पण एकदा शेवटच्या डब्याकडेही बघा. तिकडे आणखी इंजिनं हळूच येतात आणि गाडीला मागून चिकटतात. पुढे एक इंजिन असताना ही मागची कशाला?

कारण पुढे बोरघाट आहे. लोणावळ्यापर्यंत गाडीला साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची चढायची असते, आणि सगळ्यांत अवघड जागी चढ असतो 37 ला 1. म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर गाडी 1 मीटर वर येते. कोनात सांगायचं तर फक्त दीड अंश! कंपासपेटीतला कोनमापक काढा आणि कागदावर दीड अंशाचा कोन काढून पाहा. त्या दोन रेघांमध्ये पेन्सिलचं टोकसुद्धा धड मावणार नाही. इतका चढ तर आपल्या पायांना कळतही नाही.

मग एवढ्या ताकदीच्या इंजिनाला तो का कळावा? इथेच खरी गंमत आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर इतकं सहज गडगडतं, की सपाटीवर 1 टन वजनाची गाडी हळूहळू चालती ठेवायला दोन-तीन किलो वजन उचलण्याइतका जोर पुरतो. विश्वास बसत नाही ना? पण खरं आहे, रेल्वे एवढी स्वस्तात माल वाहते ती याच जोरावर. आता रूळ 37 ला 1 असा तिरका करा. वजनाचा सदतिसावा भाग गाडीला मागे खेचायला लागतो. म्हणजे दर टनामागे 27 किलोंचा जोर जास्त. सपाटीच्या जवळजवळ दहापट! गाडी हजार टनांची असेल, तर 27 टनांचं ओझं सतत मागे खेचत असतं.

शिवाय ज्या गुळगुळीतपणामुळे चाक सहज गडगडतं, त्याच गुळगुळीतपणामुळे ते चढावर जागच्या जागी घसरून फिरूही शकतं. म्हणून रुळाला घट्ट धरणारी जास्त चाकं लागतात, म्हणजेच जास्त इंजिनं. ती मागे लावायचं कारण फार हुशारीचं आहे. सगळी पुढे लावली, तर अख्ख्या गाडीचा ताण पुढच्या दोन-चार डब्यांच्या जोडांवर येईल. आणि चुकून एखादा जोड तुटलाच, तर मागचे डबे घाटातून खाली सुटतील. मागे इंजिन असलं की ते त्यांना थोपवून धरतं.

या इंजिनांना रेल्वेत 'बँकर' म्हणतात. पैशांच्या बँकेशी त्यांचं काही नातं नाही. 'बँक' म्हणजे नदीचा काठ हे तुम्हाला माहीत असेलच. इंग्लंडमधल्या रेल्वेवाल्यांनी मोठ्या चढालाही बँक म्हटलं, म्हणून तो चढ चढवायला मदत करणारा झाला बँकर. रुळांच्या कडेला छोटे खांब असतात, त्यांच्यावरच्या तिरक्या पाटीवर ग्रेडियंटचा, म्हणजे रुळाच्या चढ-उताराचा, आकडा लिहिलेला असतो. आकडा जितका लहान, तितका चढ जास्त!

हा घाटमार्ग बांधायला सुरुवात झाली 1856 मध्ये. हजारो मजुरांनी सुरुंग लावून कातळ फोडला, 25 बोगदे खोदले. साथीच्या रोगांनी कितीतरी जण तिथेच दगावले. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. कामाचा ठेका घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर लवकरच वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढे नेलं. 1863 मध्ये घाटातून गाडी धावली. सरळ वर चढवली असती तर वाट आखूड झाली असती, पण ती कुठल्याच इंजिनाला चढता आली नसती. म्हणून वाट लांब केली आणि चढ कमी केला. खंडाळ्याजवळ तर वळायलाही जागा नव्हती. तिथे रूळ संपायचे, गाडी थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची! 1920 च्या दशकाच्या शेवटी नवे बोगदे खोदून तो खटाटोप संपवला.

बोरघाटाहूनही तीव्र चढ चढणाऱ्या गाड्या आहेत. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचा चढ 20 ला 1 आहे. निलगिरीत तो 12 ला 1 होतो. तिथे नुसती चाकं पुरत नाहीत, म्हणून मधोमध दातेरी रूळ घातला आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत वर जातं. स्वित्झर्लंडमधल्या पिलाटस डोंगरावरची गाडी तर 100 मीटरला 48 मीटर चढते. तीही दात्यांवरच.

आता पुन्हा बोरघाटात येऊ. 2023 मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. ती बँकर न लावता बोरघाट चढते. तिला वेगळं इंजिनच नाही, निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. त्यामुळे रुळाला धरून जोर लावणारी चाकं गाडीभर पसरलेली असतात.

चढण्यापेक्षा उतरणं जास्त धोक्याचं. पुण्याहून येताना गाडी घाटात मध्येच थांबते, आजूबाजूला स्टेशन नसतं, आणि लोक वैतागतात. तुम्ही बाहेर बघा. तिथे एक जादा रूळ फुटून डोंगराकडे वर चढत गेलेला दिसेल. त्याला 'कॅच सायडिंग' म्हणतात. एरवी रुळांचा सांधा त्याच्याच बाजूला वळवून ठेवलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक नीट आहेत हे कळलं, की मगच सांधा बदलून तिला मुख्य रूळ मोकळा करून देतात. न थांबणारी गाडी त्या चढावर जाते, आणि तिला अडवायचं काम तो चढच करतो.