एकल-फोटॉन उद्गमाची कार्यक्षमता

हव्या त्या क्षणी एक, आणि एकच, फोटॉन बाहेर टाकणाऱ्या साधनास एकल-फोटॉन उद्गम म्हणतात. फोटॉनांच्या द्वारे चालणाऱ्या क्वांटम गणनाचा पाया असे साधन हाच आहे. त्याची व्याख्या सोपी आहे. पूर्तता मात्र कठीण आहे.

लेसरचा प्रकाश पुरेसा मंद केल्यास हे कार्य साधेल, असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि लेसरच्या स्पंदांतील फोटॉनांची संख्या प्वासाँ-वितरणास अनुसरते. दर स्पंदास सरासरी ०.१ फोटॉन पडेल इतका प्रकाश मंद केला, तर शेकडा सुमारे ९० स्पंद रिकामे जातात, ९ स्पंदांत एक फोटॉन असतो, आणि दर हजारांतील सुमारे ५ स्पंदांत दोन किंवा अधिक फोटॉन आढळतात. प्रकाश वाढवावा तर एकाहून अधिक फोटॉन असलेले स्पंद वाढतात. घटवावा तर रिकामे स्पंद वाढतात.

ह्या पेचातून एकटा अणू सुटका करतो. एक फोटॉन दिल्यावर पुन्हा उद्दीपित होईपर्यंत तो दुसरा देऊ शकत नाही. किंबल, डाजने आणि मँडेल यांनी १९७७ साली सोडियमच्या अणूंवर प्रयोग करून हा गुणधर्म दाखविला. अर्धसंवाहकातील क्वांटम बिंदू हाही एका परीने कृत्रिम अणूच होय. त्याच्याकडून लेसरच्या प्रत्येक स्पंदागणिक एकेक फोटॉन मिळविता येतो, हे २००० साली सिद्ध झाले.

येथे ‘कार्यक्षमता’ ह्या शब्दाचा अर्थ नीट पारखून घ्यावयास हवा. उद्दीपित बिंदूने फोटॉन दिला की नाही, तो पहिल्या भिंगापर्यंत आला की नाही, आणि अखेर प्रकाशीय तंतूच्या टोकाशी पोहोचला की नाही, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर जवळजवळ शेकडा शंभर असूनही तिसऱ्याचे अगदी अल्प असू शकते. टप्प्याटप्प्यावरील कार्यक्षमतांचा गुणाकार म्हणजेच एकूण कार्यक्षमता.

सर्वांत मोठी हानी पृष्ठभागावर होते. गॅलियम आर्सेनाइडचा वक्रीभवनांक सुमारे ३.५ असल्याने लंबाशी सुमारे १७ अंशांहून अधिक कोन करणारे किरण पूर्ण आंतरिक परावर्तनाने आतच अडकतात. सपाट पृष्ठभागातून शेकडा २ च्या आसपासच प्रकाश वर निसटतो. ह्यावरील उपायाचे तत्त्व पर्सेल यांनी १९४६ साली मांडले होते. उत्सर्जकास योग्य मापाच्या अनुनादी पोकळीत ठेवल्यास त्या पोकळीच्या प्रकाशरूपातील उत्सर्जनाचा वेग वाढतो. बिंदू दोन आरशांमध्ये बसविला असता फोटॉन बहुतांशी एकाच दिशेने बाहेर पडतात.

दुसरी हानी ध्रुवणाची. उद्दीपन करणारा लेसर व बाहेर येणारा फोटॉन एकाच रंगाचे असल्यास त्यांना ध्रुवक-गाळणीने वेगळे करावे लागते, आणि त्यात सामान्यतः निम्मे फोटॉन गमवावे लागतात. पोकळीची दोन ध्रुवणरूपे वेगळ्या वारंवारतांवर आणून, एकातून उद्दीपन व दुसऱ्यातून उत्सर्जन घडविले की ही हानी टळते. ह्या युक्तीने स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनी २०२१ साली शेकडा ५७ एवढी एकूण कार्यक्षमता गाठली. चिनी संशोधकांनी २०२५ साली शेकडा ७१.२ चा आकडा प्रसिद्ध केला.

ह्या दोन आकड्यांतील अंतर दिसते तितके लहान नाही. दहा फोटॉन एकाच वेळी हवे असल्यास ५७ टक्क्यांच्या उद्गमाने सुमारे २७६ प्रयत्नांतून एकदा यश येते, ७१.२ टक्क्यांच्या उद्गमाने सुमारे ३० प्रयत्नांतून एकदा. शिवाय उद्गम आणि शोधक यांच्या कार्यक्षमतांचा गुणाकार दोन-तृतीयांशाहून अधिक असल्यास फोटॉनांची हानी सोसूनही गणन तत्त्वतः शक्य राहते, असे २००८ साली दाखविण्यात आले होते. ७१.२ हा आकडा ह्या मर्यादेच्या पलीकडे आहे. मात्र शोधकातील हानी मोजल्यावर उरणारी सवड फार थोडी आहे.

सामान्य संदेशवहनात क्षीण झालेला संकेत वाटेत पुन्हा बलवान करता येतो. अज्ञात क्वांटम अवस्थेची प्रतिकृती करता येत नाही, हे १९८२ साली सिद्ध झाले असल्याने येथे ती सोय नाही. गमावलेला फोटॉन मागाहून भरून काढता येत नाही. म्हणूनच उद्गमाच्या कार्यक्षमतेत पडणारी प्रत्येक टक्क्याची भर मोलाची ठरते.