झेलणारी टोपली

धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यात सोनारी नावाचे गाव आहे. तेथील भैरवनाथाचे देवस्थान प्रसिद्ध आहे, आणि देवळाच्या परिसरात निर्भयपणे वावरणारी माकडेही तितकीच प्रसिद्ध आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याकडे कोणी भुईमुगाची शेंग भिरकावली, तर ते ती हवेतल्या हवेत टिपते. पाहणाऱ्याला त्याचे कौतुक वाटते आणि हसूही येते. परंतु या लहानशा कृतीत किती गोष्टी सामावल्या आहेत, याचा विचार आपण क्वचितच करतो. डोळा शेंगेची वाट हेरतो. हात त्या वाटेत आडवा येतो. शेंग तळव्याला लागताच बोटे तिच्याभोवती मिटतात. अडवणे, वेग जिरवणे आणि राखून ठेवणे ही तिन्ही कामे एका निमिषात होतात. तेव्हा कोठे झेल पुरा होतो.

आता कल्पना करा, की ज्या वस्तूला डोळा नाही, हात नाही आणि बोटेही नाहीत, अशा एका निर्जीव वस्तूकडून आपल्याला हेच काम करून घ्यावयाचे आहे. ते कसे साधावे? माणसाने एका खेळासाठी या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. ते उत्तर म्हणजे लोखंडी साखळ्यांची एक टोपली होय.

टोपलीकडे वळण्यापूर्वी झेलण्याचे मर्म समजावून घेऊ. घराचे बांधकाम चालू असताना एक मजूर खालून विटा फेकतो आणि दुसरा वर उभा राहून त्या झेलतो, हे दृश्य तुम्ही पाहिले असेल. वीट हाताशी येताच वरचा मजूर आपले हात तिच्याबरोबर थोडे मागे नेतो. कलिंगडांची गाडी उतरवणारे लोकही असेच करतात. हात जर ताठ धरले, तर तळव्याला जबर मार बसेल आणि वीट उडून बाजूला पडेल. क्रिकेटमधील चांगला क्षेत्ररक्षकही चेंडू घेताना हात छातीकडे ओढून घेतो. याचे कारण असे, की धावत्या वस्तूचा वेग एकदम थांबवावयाचा झाला तर मोठा जोर लागतो. तोच वेग थोडे अंतर देऊन हळूहळू थांबवला तर थोडक्या जोराने काम भागते. म्हणून ज्याला झेलावयाचे आहे, त्याने प्रथम थोडी माघार घेतली पाहिजे.

आता त्या खेळाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फच्या खेळात काठीने चेंडू टोलवीत दूरच्या एका खळग्यात घालावयाचा असतो. येथे काठी नाही आणि चेंडूही नाही. प्लॅस्टिकची एक गोल, चपटी चकती हाताने फेकीत न्यावयाची, आणि कमीत कमी फेकींत ती ठरलेल्या ठिकाणी पोचवावयाची, असा हा खेळ आहे. ही चकती म्हणजे फ्रिस्बीची धाकटी बहीणच म्हणा ना! तिचा व्यास २१ सेंटिमीटरांहून कमी असून चालत नाही, आणि तिचे वजन २०० ग्रॅमांहून अधिक असून चालत नाही.

हा खेळ प्रथम अमेरिकेत रुजला. प्रारंभी खेळाडूंना विशिष्ट असे लक्ष्य नव्हते. कोणी झाडाचा बुंधा निवडी, कोणी दिव्याचा खांब, तर कोणी कचऱ्याचे पिंप. एड हेड्रिक या गृहस्थांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील ला कान्याडा येथील ओक ग्रोव्ह उद्यानात या खेळाचे पहिले कायमचे मैदान सिद्ध केले, तेव्हा तेथेही लक्ष्य म्हणून साधे खांबच उभारले होते. चकती खांबाला लागली की डाव पुरा झाला, असा नियम होता.

परंतु या साध्या नियमातूनच भांडणे उपजू लागली. चकती खांबाला लागली, की नुसती त्याच्याजवळून गेली? फेकणारा म्हणे लागली; प्रतिस्पर्धी म्हणे नाही. दूर उभ्या असलेल्या माणसाला खात्रीने सांगता येत नसे. क्षणार्धात घडून गेलेल्या गोष्टीला साक्षीदार कोठून आणावा? खेळ म्हटला की हार-जीत आलीच; पण ती सर्वांना मान्य होईल अशा पुराव्यावर ठरली पाहिजे. नाही तर खेळाचा आनंद कलहात विरून जातो. हेड्रिक यांनी ही अडचण ओळखली आणि आपला मुलगा केन याच्या साहाय्याने तिच्यावर तोड काढली. नुसत्या खांबाऐवजी चकती पकडून ठेवणारी टोपली त्यांनी तयार केली. तिचे पेटंट त्यांना १९७७ साली मिळाले. आता वादाला जागा उरली नाही. चकती टोपलीत असेल तर डाव पुरा. नसेल तर अपुरा.

या टोपलीची रचना मोठी मनोवेधक आहे. मध्यभागी एक लोखंडी खांब असतो. खांबाच्या माथ्याजवळ एक गोल कडे बसवलेले असते. त्या कड्यापासून अनेक साखळ्या खाली लोंबतात, आणि खाली येता येता आत वळून खांबाजवळच्या एका लहान कड्यात एकत्र येतात. त्यांच्याखाली तारांची उथळ टोपली असते. तिची कड जमिनीपासून सुमारे ८२ सेंटिमीटर उंच असते. दुरून पाहिले तर एखादे झुंबर खांबाला टांगले आहे असे वाटते.

साखळ्याच का लावल्या, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्यांच्या जागी पत्र्याचे नळकांडे का नको? पत्र्यावर चकती आदळली, की ती ताठ धरलेल्या हातावरील विटेप्रमाणे उसळून परत येईल. मग रबराचा पडदा का नको? रबर मागे जाते खरे, परंतु ताणले गेलेले रबर घेतलेली बहुतेक ऊर्जा परत देते. ते चकतीला पुन्हा बाहेर ढकलील. साखळीचे तसे नाही. तिची प्रत्येक कडी शेजारच्या कडीत सैल अडकलेली असते. चकती लागताच साखळी मागे सरते, थोडी वर उचलली जाते, शेजारच्या साखळ्यांवर आपटते. कड्या एकमेकींवर घासतात. चकतीची ऊर्जा अशा रीतीने शेकडो कड्यांत वाटली जाते, आणि तिचा काही भाग उष्णता व ध्वनी यांच्या रूपाने निघून जातो. चकती टोपलीत शिरताना जो खळखळाट होतो, तो खेळाडूच्या कानांना गोड वाटतो. तो तिच्या जिरणाऱ्या वेगाचाच नाद होय.

साखळ्या खाली येताना आत वळतात, यालाही कारण आहे. वेग हरपलेली चकती साखळ्यांवरून घसरते, ती आपोआप खांबाच्या दिशेने, म्हणजे टोपलीच्या मध्यावर येते. अडवण्याचे व वेग जिरवण्याचे काम साखळ्या करतात. राखून ठेवण्याचे काम खालची टोपली करते. माकडाच्या तळव्याची आणि बोटांची कामे येथे अशी वाटून दिली आहेत.

तथापि ही टोपली प्रत्येक चकती झेलतेच असे नाही. मग दोष फेकणाऱ्याचा, की टोपलीचा? दोहोंचाही असू शकतो. प्रथम वेगाचा विचार करू. १७५ ग्रॅम वजनाची चकती सेकंदाला ६ मीटर वेगाने आली, तर तिच्यातील गतिज ऊर्जा एक किलोग्रॅम वजन सुमारे ३२ सेंटिमीटर उचलण्यास पुरेल एवढी असते. वेग दुप्पट, म्हणजे १२ मीटर झाला, तर ही ऊर्जा दुप्पट न होता चौपट होते. तेवढ्या ऊर्जेने तेच वजन जवळजवळ १२८ सेंटिमीटर उचलले जाईल. म्हणून जोराने फेकलेली चकती साखळ्यांना मागे सारून थेट खांबावर आदळते. खांब काही माघार घेत नाही. साहजिकच ती उसळून बाहेर पडते. नेम अगदी मध्यावर असूनही डाव फसतो, तो यामुळे.

दुसरी गोष्ट साखळ्यांच्या वजनाची. त्या फार हलक्या असल्या तर चकतीचा वेग पुरेसा जिरत नाही आणि ती खांबापर्यंत जाऊन पोचते. फार जड असल्या तर त्या सहजी हलत नाहीत. त्यांचा पडदा भिंतीसारखा वागू लागतो. साखळ्यांची संख्याही महत्त्वाची आहे. दोन साखळ्यांमध्ये अंतर अधिक असेल, तर कडेने आलेली चकती त्यांना बाजूला सारून दुसऱ्या अंगाने निसटून जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे बाहेरच्या साखळ्यांच्या आत साखळ्यांची आणखी एक रांग लावण्यात आली. बाहेरची रांग चकतीचा पहिला आवेग घेते. आतली रांग तिला खांबापासून दूर राखते.

तिसरी गोष्ट चकतीच्या फिरण्याची. उजव्या हाताच्या खेळाडूने हात छातीपासून बाहेर झटकून चकती फेकली, तर वरून पाहिले असता ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत जाते. तिची पुढची कड त्या वेळी उजवीकडे सरकत असते. ही कड साखळ्यांना लागली, की घर्षणामुळे चकती डावीकडे ढकलली जाते. आता ती खांबाच्या उजव्या बाजूला लागली असेल, तर डावीकडे जाणे म्हणजे खांबाकडे, टोपलीच्या मध्याकडे जाणे. पण ती खांबाच्या डाव्या बाजूला लागली असेल, तर डावीकडे जाणे म्हणजे बाहेर पडणे. म्हणून खांबापासून सारख्याच अंतरावर लागलेल्या दोन फेकींपैकी उजवीकडची टिकण्याचा आणि डावीकडची निसटण्याचा संभव अधिक असतो. डावखुऱ्या खेळाडूच्या बाबतीत हे सारे उलट घडते.

खालच्या टोपलीची खोलीही विचारात घ्यावी लागते. ती फारच उथळ असेल तर साखळ्यांतून पडलेली चकती कडेवरून उडी घेऊन बाहेर जाईल. उलट, कड फार उंच केली तर साखळ्यांसमोरील मोकळी जागा कमी होईल, आणि किंचित खालून आलेली चकती कडेवरच आपटेल. एक दोष काढू जावे तर दुसरा उभा राहतो. अशा परस्परविरोधी गरजांचा मेळ घालणे, यालाच रचनेचे कौशल्य म्हणतात.

हा प्रश्न आपल्या घरातील खेळांतही आढळतो. कॅरमच्या फळीचे कोपरे पाहा. त्यांतील भोकाचा व्यास साधारणतः साडेचार सेंटिमीटर, तर सोंगटीचा तीन सेंटिमीटरांहून थोडा अधिक. अलगद मारलेली सोंगटी भोकाच्या कडेला लागूनही आत पडते. तीच जोराने मारली तर कडेवरून उसळून परत फळीवर येते. बास्केटबॉलच्या खेळाचा आरंभ १८९१ साली झाला, तेव्हा जेम्स नायस्मिथ यांनी पीच नावाच्या फळांच्या टोपल्या टांगल्या होत्या. त्यांना बूड असल्यामुळे चेंडू आत राही आणि तो दर वेळी वर चढून काढावा लागे. पुढे बूड गेले आणि जाळी आली. ती चेंडूचा वेग थोडा रोखते आणि त्याला खाली सोडून देते. चेंडू कड्यातून गेला हे जाळीच्या हालचालीवरून सर्वांना कळते. ज्या खेळाला जशी साक्ष हवी, तशी त्याच्या लक्ष्याची घडण झाली आहे.

यावरून कोणी म्हणेल, की टोपली खूप मोठी करावी आणि साखळ्या दाट लावाव्यात, म्हणजे एकही फेक वाया जाणार नाही. पण मग नेमबाजाचे कौशल्य ते काय राहिले? वेडीवाकडी फेकही जर टोपलीत राहू लागली, तर वर्षभर सराव करणाऱ्यावर तो अन्यायच होईल. याउलट, अचूक फेकही जर टोपली बाहेर टाकू लागली, तर तोही अन्यायच. टोपली ही या खेळातील न्यायाधीश आहे. तिने खऱ्याला धरावे आणि खोट्याला सोडावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. म्हणून नियमही काटेकोर आहेत. चकती टोपलीच्या माथ्यावर जाऊन बसली तर तो डाव पुरा धरीत नाहीत.  साखळ्यांत लोंबकळत राहिलेली चकती मात्र मान्य केली जाते.

तुम्हांला याचा पडताळा घरीच घेता येईल. अंगणात एक जाड कापड दोरीवर सैल सोडा आणि त्याच्यामागे थोडे अंतर राखून एक फळी उभी करा. कापडाखाली रुंद टोपली ठेवा. आता कापडी चेंडू प्रथम हळू आणि मग जोराने कापडावर फेका. नंतर कापड फळीला चिकटून राहील असे ताणून बांधा आणि पुन्हा फेका. कोणत्या वेळी किती चेंडू टोपलीत राहिले, ते वहीत टिपून ठेवा. सैल कापडाचा गुण तुमच्या ध्यानात येईल.

ताठ उभा राहिलेला खांब चकतीला अडवतो, पण तिला आपलीशी करू शकत नाही. साखळी मागे सरते, तिचा सारा आवेग सोसते, आणि मग तिला अलगद टोपलीत उतरवते. देवळाच्या पायरीवर शेंग टिपणाऱ्या माकडाला जे उपजतच ठाऊक आहे, ते माणसाने लोखंडाला शिकवले. लोखंडासारखा कठीण पदार्थही योग्य रीतीने गुंफला, तर त्यालाही झेलण्याची कला साधते.

अभ्यास

१. झेल पुरा होण्यासाठी कोणत्या तीन गोष्टी घडाव्या लागतात? टोपलीचा कोणता भाग कोणते काम करतो?
२. नुसता खांब हे लक्ष्य असताना वाद का होत? टोपलीमुळे ते कसे मिटले?
३. रबराच्या पडद्यापेक्षा साखळ्या अधिक उपयोगी का ठरतात?
४. ‘टोपली ही या खेळातील न्यायाधीश आहे.’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. वस्तू झेलताना हात मागे घ्यावे लागतात, अशी तुमच्या पाहण्यातील दोन उदाहरणे लिहा.