उपासाच्या ताटातली अमेरिका

नारायण पेठेतल्या मुंजाबाच्या बोळात बेडेकरांकडे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, आणि या मिसळीला ‘अस्सल पुणेरी’ म्हणताना कुणाचीही जीभ अडखळत नाही. अडखळायचं कारणही नाही. फक्त एवढं लक्षात घ्यावं की ब्रेड युरोपातून आला, मिरची अमेरिका खंडातून आली आणि पोहे तेवढे इथल्या भाताचे. ‘फ्यूजन हे हल्लीचं खूळ, पूर्वी घरोघरी शुद्ध पारंपरिकच शिजायचं’ असं जे म्हटलं जातं, ते या एका बशीपुढेही टिकत नाही.

सगळ्यात पक्का गैरसमज उपासाच्या पदार्थांचा. एकादशीला किंवा चतुर्थीला जे खातो ते सगळ्यात सोवळं, म्हणून सगळ्यात जुनं, असं आपण धरून चालतो. आता साबुदाण्याची खिचडी घ्या. आपल्याकडचा साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच, बटाटाही तिथलाच, हिरवी मिरचीही अमेरिका खंडातलीच. उरलं काय, तर जिरं, साजूक तूप आणि वरून पेरलेलं ओलं खोबरं. रताळं आणि राजगिराही अमेरिकेतलेच. आपली म्हणावी अशी त्या ताटात वरई आहे, शिंगाडा आहे. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला. त्यानंतर पोर्तुगिजांच्या जहाजांमधून यातल्या बऱ्याच वस्तू किनाऱ्यावर आल्या आणि हळूहळू घाट चढल्या. बटाटा सर्रास व्हायला तर एकोणिसावं शतक उजाडलं. साबुदाण्याची गोष्ट त्याहून अलीकडची. आधी तो आग्नेय आशियातल्या सागो ताडाच्या गाभ्यापासून व्हायचा आणि बाहेरून यायचा. दुसऱ्या महायुद्धात ती आयात तुटली, तेव्हा तमिळनाडूतल्या सेलमकडे टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. आज आपल्या घरातला साबुदाणा बहुतेक तिकडचाच असतो.

म्हणून खिचडी परकी ठरते का? मुळीच नाही. ती आपली आहे ती ती करण्याच्या रीतीमुळे. साबुदाणा दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, म्हणजे वरची सुटी पिठी निघून जाते. मग दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून भिजवायचा. बोटांत दाबला की दाणा सहज चुरडला पाहिजे, मध्ये टणक गाठ लागता कामा नये. दाण्याचं कूट आधीच कालवून ठेवायचं, कारण ते दाण्याभोवतीची ओल शोषून घेतं आणि गोळा होऊ देत नाही. तुपात जिरं-मिरची पडली की मंद आचेवर खालीवर करत राहायचं. पांढरा दाणा काचेसारखा झाला की खिचडी झाली. त्यापुढे परतत राहिलं तर तीच खिचडी चिवट होते. ही जाण कुठल्याही जहाजातून आलेली नाही. ती इथल्या बायकांनी चुलीपुढे उभं राहून कमावली आहे, आणि परंपरा म्हणतात ती याला, असं माझं ठाम मत आहे.

मिरची नव्हती तेव्हा जेवण अळणी होतं, असंही कुणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मांडे आहेत, पुऱ्या आहेत, वडे आहेत. तिखटपणाला मिरी, पिंपळी आणि आलं होतं. आजही अनेक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरचीऐवजी मिरी वापरतात आणि बटाटा-टोमॅटो टाळतात.

दुसरा गैरसमज थेट पेठांच्या बदनामीचा: पुणेरी जेवण गोडमिट्ट, कारण त्यात गोडा मसाला. गोड्या मसाल्यात साखर किंवा गुळाचा कणही नसतो. धणे, जिरं, शहाजिरं, तीळ, सुकं खोबरं, दालचिनी, लवंग, तमालपत्र, नागकेशर, दगडफूल, हिंग हा त्याचा ऐवज. तो तिखटजाळ नसतो, सुवासाचा असतो, एवढंच. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. धण्यांना सावकाश वेळ द्यावा लागतो, तीळ तडतडले की लगेच काढावे लागतात, आणि दगडफूल तर तेलात पडताच हलकं होतं, क्षणभर जास्त राहिलं की कडवट. आमटीला गोडी येते ती गुळाने, आणि तिला चिंच किंवा आमसूल तोलून धरतं.

शिवाय पेठेतलं जेवण म्हणजे एकाच घरातलं जेवण असंही आता राहिलेलं नाही. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुलं सदाशिव-नारायण पेठांत राहतात, खानावळीत जेवतात. त्यांच्यामुळे शेवभाजी, ठेचा, भाकरी आणि वरणभात शेजारी शेजारी आले. हे मला फार चांगलं वाटतं.

आता ‘कोर्स’ची, म्हणजे जेवणातल्या टप्प्यांची गोष्ट. आपल्याकडे सगळं एकदम वाढतात, क्रम नसतो, असं समजणाऱ्यांनी जुन्या पंगतीची पद्धत आठवावी. पानाच्या वरच्या बाजूला मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, म्हणजे थोडं थोडं खायचे पदार्थ. उजवीकडे भाज्या आणि आमटी, पोटभर खायच्या. सुरुवात वरणभात-तुपाने, मध्ये मसालेभात आणि पोळी किंवा पुरी, शेवट ताकभाताने. भातच जेवणाचे टप्पे पाडतो. गोड शेवटी खायचं ही रीतही आपली नव्हे. पक्वान्न जेवणाच्या मध्यावर यायचं, आग्रहाने वाढलं जायचं आणि जिलबीबरोबर मठ्ठा असायचा. जिलबीचं मूळ पश्चिम आशियातलं, पण हा क्रम मात्र इथला.

नव्या प्रयोगांचं यश मला या क्रमात जागा मिळण्यात दिसतं. टोमॅटो आला आणि आमसुलाच्या साराशेजारी जाऊन बसला, म्हणून टोमॅटोचं सार घरचं झालं. ढोबळी मिरचीही अमेरिकेतली, पण पीठ पेरून केलेली तिची भाजी आज कुणालाही नवी वाटत नाही. त्याच वाटेने झुकिनी येऊ शकते. झुकिनीला पाणी फार सुटतं, म्हणून फोडी मोठ्या आचेवर आधी परतून घ्याव्या, मीठ शेवटी घालावं आणि बेसन नेहमीपेक्षा चमचाभर जास्त पेरावं. थालिपिठाच्या भाजणीत ओट्स भाजून दळले तर तेही चांगले मिसळतात. याउलट उकडीच्या मोदकात चॉकलेट मला पटत नाही. गूळ-खोबऱ्याचं सारण वाफेत ओलं राहतं आणि वरची तुपाची धार त्याला खुलवते. चॉकलेट वाफेत पातळ होतं, गार झालं की पुन्हा आळतं, आणि तुपाशी त्याचं काही जुळत नाही. चॉकलेट घालायचंच असेल तर ते खव्याच्या मोदकात घालावं. तिथे खवा, साखर आणि कोको छान मिळून येतात.