टसरचा पतंग आणि रानससा

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांच्या वनांत टसरचा पतंग आणि रानससा शेजारी-शेजारी नांदतात. एक कीटक, दुसरा सस्तन प्राणी. दोघांच्या जीवनक्रमात महदंतर आहे. तथापि उन्हाळ्यात दोघांवरही एकच संकट ओढवते.

टसरच्या पतंगाचे आयुष्य अंडे, अळी, कोष व पतंग अशा अवस्थांत विभागलेले असते. खाण्याचे काम केवळ अळीचे. ऐन व अर्जुन यांच्या पानांवर ती महिनाभर किंवा त्याहून थोडी अधिक काळ पोसली जाते, चार वेळा कात टाकते आणि फांदीला देठाने लटकणारा टणक कोष विणते. टसर रेशीम मिळते ते या कोषापासून. ढिवर समाजातील अनेक कुटुंबे परंपरेने या व्यवसायावर उपजीविका करीत आली आहेत. पतंगाला मात्र अन्न घेता येत नाही. मीलन व अंडी घालणे एवढेच करून तो थोड्याच दिवसांत मरतो.

सशाची रीत निराळी. गवत व कोवळे कोंब खाऊन तो जन्मभर जगतो. वरच्या जबड्यात पुढील दातांमागे लहान दातांची आणखी एक जोडी असल्याने त्याची गणना उंदीर-खारींच्या गणात होत नाही. तो बीळ खोदत नाही; दिवसा गवतातील खळग्यात दडून बसतो. त्याची पिले अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मतात आणि आई दूर असताना निश्चल पडून राहतात.

शत्रूच्या नजरेतून सुटण्यास ही निश्चलता उपयोगी पडते. वणव्यापुढे तीच घातक ठरते. हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत कोषातील जीव सुप्तावस्थेत असतो. त्याला फांदी सोडता येत नाही, पिलाला गवत सोडता येत नाही. मोहफुले वेचणे सोपे जावे किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावलेली आग पसरली, की दोघेही होरपळतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये सशाची शिकार हा गुन्हा आहे. परंतु वणवा रोखण्यासाठी गावाचा सहभाग हवा. मोहाखालचा पाचोळा न जाळता झाडून काढणे आणि उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा स्वच्छ करण्यास वन विभागाला साह्य करणे, एवढे ग्रामसभेने ठरविले, तरी पुढील हंगामाचा कोष आणि सशाची पिढी दोन्ही वाचतील.