स्वमग्न मूल, आईबाप आणि आशेचा व्यापार

'ऑटिझम' ह्या शब्दाला मराठीत 'स्वमग्नता' असा प्रतिशब्द रूढ झाला आहे. तो कोणी घडवला याच्याशी मला कर्तव्य नाही. परंतु ज्या घरात असे मूल आहे त्या घरातला माणूस म्हणून ह्या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. 'मग्न' म्हटले की रियाजात मग्न, वाचनात मग्न अशी एक सुखाची अवस्था डोळ्यांपुढे येते. मूल आपल्यातच रमले आहे, त्याला बाहेरच्या जगाची गरज नाही, असा अर्थ त्यातून निघतो. माझा मुलगा रात्री अडीच वाजता उठून दाराच्या कडीवर कपाळ आपटत असे, तेव्हा तो कशातही मग्न नव्हता. त्याला काहीतरी हवे होते आणि ते मागण्याचा शब्द त्याच्यापाशी उरला नव्हता. मूळ ग्रीक धातूवरून हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर याने गेल्या शतकाच्या आरंभी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरात आणला आणि तिथून तो मुलांना चिकटला. शब्द लावणारे बाहेर उभे होते. ज्यांना शब्द लावला जातो त्यांना कोणी विचारत नाही, हा अनुभव ह्या पानांच्या वाचकांना नवा नाही.

'उरला नव्हता' असे मी जाणूनबुजून लिहिले. माझ्या मुलाला शब्द आले होते. चौदा महिन्यांचा असताना तो माझ्या आईला 'माय' म्हणे, पाण्याला 'पानी', गल्लीतल्या कुत्र्याला 'भू'. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडून 'जेबीम' म्हणे आणि सगळे घर हसे. पत्नीने एकदा मोजले, तेव्हा पंधरा शब्द भरले. दीड वर्षानंतर ते एकेक करून गळू लागले. त्याही आधी एक गोष्ट गेली होती, ती आमच्या ध्यानात आली नाही: हाक मारली की तो वळून पाहत नव्हता. बावीस महिन्यांचा झाला तेव्हा एकही शब्द शिल्लक नव्हता.

जन्मतः न बोलणाऱ्या मुलाच्या आईबापाचे दुःख मी कमी लेखत नाही. पण मिळालेले परत जाणे ह्या दुःखाची जात वेगळी आहे. त्यात माणूस सतत मागे वळून तो दिवस शोधत राहतो. कोणत्या दिवशी गेले? त्या दिवशी आपण काय केले? काय खाऊ घातले? ह्या शोधातूनच पुढचा सगळा अनर्थ सुरू होतो, म्हणून वैद्यकशास्त्र याविषयी काय सांगते ते आधी मांडतो.

मिळवलेली भाषा किंवा माणसांशी असलेला संपर्क गमावून जी स्वमग्नता प्रकट होते तिला इंग्रजीत 'रिग्रेसिव्ह ऑटिझम' म्हणतात. मराठीत 'परागामी' वगैरे म्हणण्यापेक्षा 'आलेले जाणे' म्हणावे. लिओ कॅनरने १९४३ साली बाल्टिमोरमध्ये अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली आणि ऑटिझमला स्वतंत्र स्थान मिळाले. पण त्याही आधी, १९०८ साली, व्हिएन्नात थिओडोर हेलरने तीन-चार वर्षे नीट वाढून मग सर्व गमावणाऱ्या मुलांची नोंद केली होती. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांचे आईबाप असा अनुभव सांगतात. व्याख्या बदलली की हा आकडा खालीवर होतो. बहुधा हे पंधरा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान घडते. पूर्वी डॉक्टरांना वाटे की आईबापांची आठवण फसवी असते. पुढे अमेरिकेतल्या संशोधकांनी पहिल्या वाढदिवसाची घरगुती चित्रफीत आणि दुसऱ्या वाढदिवसाची चित्रफीत शेजारी ठेवून तपासली, आणि आईबाप खरे सांगत होते असे आढळले. मात्र त्याबरोबर आणखी एक गोष्ट कळली. अनेक मुलांत हा बदल एका रात्रीत होत नाही. नजर देणे, हसण्याला हसून उत्तर देणे हे शब्द जाण्याच्या कितीतरी आधीपासून हळूहळू ओसरत असते. म्हणजे आपण जो 'तो दिवस' शोधतो, तसा दिवस बहुतेकांच्या बाबतीत नसतोच.

कारणांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, जनुके अनेक आहेत, आणि एकच एक कारण विज्ञानाला सापडलेले नाही. परंतु शब्द गेलेले प्रत्येक मूल स्वमग्नच असते असे नाही, आणि हे कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी पाठ करून ठेवावे. पहिली तपासणी कानाची. 'बेरा' नावाची चाचणी झोपलेल्या बाळाचीही होते. दुसरी, फिट येत असतील किंवा तीन वर्षांनंतर अचानक भाषा गेली असेल तर झोपेतला मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी. कारण लांडाऊ-क्लेफ्नर ह्या विकारात अपस्मार भाषा खातो आणि त्यावर उपचार वेगळे आहेत. तिसरी, मुलगी असेल, हात सतत चोळत असेल, चाल बिघडत असेल तर रेट सिंड्रोमचा विचार. १९६६ साली आंद्रेआस रेटने तो वर्णिला आणि १९९९ साली त्याचे जनुक सापडले. आमच्या गावच्या डॉक्टरांनी यातले काहीच सुचवले नाही. 'मुलगे उशिरा बोलतात' म्हणाले. आठ महिने गेले.

आता दोषारोपाकडे येतो. वस्तीत पहिला निकाल लागला तो माझ्या पत्नीविरुद्ध. ती अंगणवाडी सेविका आहे. 'दुसऱ्याची लेकरं सांभाळली, स्वतःचं सोडलं.' नंतर मोबाइल आला, मग नजर आली, शेवटी मागच्या जन्मीचे पाप आले. बौद्ध म्हणवणाऱ्या आमच्याच नातलगांनी ते आणले. ज्या कर्मविपाकाने आमच्या आज्या-पणज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, तोच सिद्धान्त लेकरू आजारी पडताच आमच्या ओट्यावर येऊन बसतो, याचे मला अजून आश्चर्य वाटते. पण हा अडाणीपणा केवळ आमचा आहे असे कोणी समजू नये. ब्रुनो बेटेलहाइम नावाच्या शिकागोच्या नामवंत प्राध्यापकाने १९६७ साली आख्खा ग्रंथ लिहून मुलांच्या ह्या अवस्थेचा ठपका आईबापांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणावर ठेवला. अशा आयांना 'रेफ्रिजरेटर मदर' म्हणत. अमेरिकेतल्या आया वर्षानुवर्षे हा कलंक वागवत राहिल्या. तो पुसण्याच्या कामी पुढे आला बर्नार्ड रिमलंड, स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप आणि मानसशास्त्रज्ञ; त्याने १९६४ सालीच हा दोष शरीराचा आहे, संगोपनाचा नाही, असे साधार मांडले होते. पुढे हाच रिमलंड लसींवर संशय घेणाऱ्यांच्या गोटात गेला. दुःखी बाप एका ठिकाणी बरोबर ठरला म्हणजे सगळीकडे बरोबर ठरतो असे नाही.

हे मी त्रयस्थपणे लिहू शकत नाही, कारण मीही तेच केले. गोवर-रुबेलाच्या लसीचा दुसरा डोस आपल्याकडे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. शब्द जाण्याचे वयही तेच. २०१८ साली माझ्या मुलाला तो डोस मिळाला आणि महिनाभरात त्याचे 'पानी' गेले. मी ते चार लोकांत सांगितले. मी शिक्षक, माझ्या सांगण्याला वजन. 'सरांच्या पोराचं सुईनं झालं' हे वाक्य वस्तीत फिरले आणि तीन घरांनी आशाताईंना दारातून परत पाठवले. पुढच्या वर्षी त्यांतल्या एका घरातल्या मुलीला गोवर झाला, छातीत गेला, अकरा दिवस ती सरकारी दवाखान्यात होती. वाचली.

त्यानंतर मी वाचायला बसलो. अँड्र्यू वेकफील्ड ह्या ब्रिटिश डॉक्टरचा १९९८ सालचा निबंध अवघ्या बारा मुलांवर बेतलेला होता. २०१० साली 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढले गेले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासून २०१९ साली निष्कर्ष निघाला की लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण लसीमुळे वाढत नाही. जपानमध्ये तर १९९३ साली ती तिहेरी लस देणे थांबवले, तरी योकोहामात ऑटिझमचे निदान वाढतच गेले. दोन गोष्टी एकाच वयात घडतात म्हणून एक दुसरीचे कारण होत नाही. हे मी वर्गात शिकवतो आणि घरात विसरलो होतो. त्या तिन्ही घरी मी जाऊन आलो. मुलीची आई एवढेच म्हणाली, "सर, तवा तुमीच सांगितलं व्हतं." २०२२ साली मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने मुले दगावल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मला ते पान पुरते वाचवले नाही.

उपचारांच्या बाजाराविषयी लिहायचे तर वही भरेल. भगताचा धागा झाला, गव्हाचे आणि दुधाचे पथ्य झाले, 'मेंदूची पावडर' झाली. पावडर सुरू केल्यावर आठ दिवसांत मुलाने माझ्याकडे बघितले असे मला खरोखर वाटले. हे 'वाटणे' काय असते ते समजून घेण्यासाठी सिक्रेटिनची हकीकत सांगण्यासारखी आहे. सिक्रेटिन हा पचनाशी संबंधित संप्रेरक. १९९८ साली अमेरिकेत तीन मुलांना तो दिल्यावर सुधारणा दिसल्याचे प्रसिद्ध झाले आणि हजारो आईबाप त्यामागे धावले. १९९९ साली साठ मुलांची चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना मिठाचे पाणी. कोणाला काय दिले हे आईबापांना ठाऊक नाही. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत सुधारणा दिसली, आणि ती सारखीच होती. मिठाच्या पाण्यानेही मुले 'सुधारली', कारण मूल तसेही वाढत असते, आणि आशेने बघणारा डोळा बारीकसारीक गोष्टी टिपू लागतो. याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. निकाल सांगितल्यावरही शेकडा ६९ पालकांना सिक्रेटिन हवेच होते. ह्या पालकांना मी हसत नाही. मी पावडरीचा आणखी एक डबा आणला होता.

सगळेच उपाय मिठाच्या पाण्याइतके निरुपद्रवी नसतात. शरीरातला पारा काढण्याच्या नावाखाली दिलेल्या औषधाने २००५ साली अमेरिकेत पाच वर्षांचे मूल मेले. आपल्याकडे ह्या बाजारातला मोठा माल म्हणजे 'स्टेम सेल'. एका मोठ्या शहरातल्या केंद्रात आम्ही गेलो होतो. कमरेच्या हाडातला मगज काढून पाठीच्या कण्यात टोचतात, खर्च लाखांत. माझे सासरे दीड एकर विकायला निघाले. आमच्या दोन्ही घरांत मिळून तेवढीच जमीन. पत्नीने त्या केंद्रातल्या समुपदेशकाला विचारले, "किती मुलं बोलायला लागली ते कागदावर लिहून देता का?" त्याने माहितीपत्रक दिले, आकडा दिला नाही. आम्ही परत आलो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा वापराला मान्यता नव्हतीच, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, त्याची जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे स्पष्ट केले. सासऱ्यांना हे मी वाचून दाखवले. "म्या द्यायला तयार व्हतो, तुमी घेतलं न्हाई," असे मामा अजून म्हणतात.

मग करायचे काय? गेलेले शब्द परत आणणारे औषध नाही. चिडचिड, स्वतःला इजा करणे यांवर रिस्पेरिडोनसारखी औषधे डॉक्टर देतात. ती मूळ अवस्थेवरची नव्हेत. ज्याचा उपयोग दिसतो ते काम संथ आहे, कष्टाचे आहे, आणि ते फक्त श्रीमंतांच्या खोल्यांतच होते असे नाही. गोवा आणि पाकिस्तानातले रावळपिंडी अशा दोन ठिकाणी ६५ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञांऐवजी शिकवून तयार केलेले स्थानिक आरोग्यसेवक घरोघरी गेले. आई मुलाशी खेळते त्याचे चित्रण करायचे, मग तिच्यासोबत बसून बघायचे: इथे त्याने हात पुढे केला, इथे तुम्ही थांबलात, इथे तुम्ही फार बोललात. प्रत्येक मोजमापात फायदा दिसला नाही, पण आईबाप मुलाच्या इशाऱ्याला अधिक जुळवून प्रतिसाद देऊ लागले आणि मूल आपण होऊन संवाद सुरू करू लागले. माझ्या पत्नीने हे वाचल्यावर विचारले, हे तर अंगणवाडीतून करता येईल, मग का करत नाहीत? मला उत्तर देता आले नाही.

कागदांचेही सांगितले पाहिजे. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. मुलांना 'मतिमंद' म्हणून दाखला घ्यावा लागे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात त्याचे नाव आले, आणि २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारांत त्याला जागा दिली. न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाकवच आहे. शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. जातीच्या दाखल्यासाठी चकरा मारण्याची सवय आम्हाला होती. ह्या दाखल्याला त्याहून जास्त लागल्या, कारण तपासणारा मानसतज्ज्ञ जिल्ह्याच्या दवाखान्यात ठरावीक दिवशीच येई. तरी तो घ्या. तो नसला की मूल शासनाच्या हिशेबात नसते.

माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. बोलत नाही. भिंतीवर पत्नीने पुठ्ठ्याची चित्रे लावली आहेत: तांब्या, भाकरी, चप्पल, मोरी, पांघरूण. तो तांब्याचे चित्र काढून माझ्या हातात देतो. कपाळ आपटणे जवळजवळ थांबले आहे. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्याने तांब्याचे चित्र देताना 'पा' असा आवाज काढला. मी पत्नीला हाक मारली, ती धावत आली, आम्ही दोघे वाट पाहत उभे राहिलो. त्याने तांब्या उचलला, पाणी प्याला आणि बाहेर गेला.